अडथळा आढळला

भिंगापासून भिंतीपर्यंत दहा फूट सात इंच अंतर मिळत असेल तर चित्र किती रुंद पडेल, हा पट्टीसाहेबांचा प्रश्न अगदी साधा होता. आणि दुकानदाराने त्याचे उत्तर "पडेल हो, भरपूर मोठं पडेल," असे दिल्यामुळे त्या दुकानातला पहिला पाऊण तास वादात गेला.

पट्टीसाहेब हे त्यांचे नाव नव्हे. वजनमापे तपासणीच्या खात्यात त्यांनी चौतीस वर्षे काढली. दुकानादुकानांतून तराजू, मापे आणि कापड मोजायच्या पट्ट्या तपासत हिंडताना कुठल्याशा कापडवाल्याने चिडून ठेवलेले हे नाव त्यांना कायमचे चिकटले. निवृत्तीनंतर खाते सुटले, पण नाव सुटले नाही आणि खिशातला टेपही सुटला नाही. 'भरपूर', 'साधारण', 'जवळजवळ' हे त्यांच्या लेखी शब्दच नव्हते. ते आळसाचे प्रकार होते.

प्रोजेक्टर हवा होता तो घरच्या करमणुकीसाठी, असे त्यांनी दुकानदाराला सांगितले खरे. पण करमणूक हा शब्द त्या घरात गेले दीड वर्ष जरा जपूनच उच्चारला जात होता. त्यांच्या पत्नीने तीस वर्षे मुलींना शिवणकाम शिकवले होते, आणि त्यामुळे ओळखीचे झाडून सगळे त्यांना 'बाई' म्हणत. बाईंचा उजवा डोळा केव्हाच कामातून गेला होता. आता डाव्या डोळ्याच्या मधोमध डाग धरला होता. कडेचे सारे दिसे. ज्याच्याकडे पाहावे तेच नेमके नाहीसे होई. डोळ्यांचे डॉक्टर स्पष्टवक्ते होते. डाग वाढायचा थांबला तर नशीब समजा, तो मागे फिरत नसतो, असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकले. चित्र खूप मोठे केले तर डागाच्या बाहेर निदान काहीतरी उरेल, हा सल्लाही त्यांचाच.

बाईंना पाहायची होती एकच गोष्ट. दूरदेशी असलेली मुलगी दर आठवड्याला नातीचे चित्रण पाठवी. नात सव्वा वर्षाची होती. बाईंना तिचे कुरळे केस दिसत, कान दिसत, फ्रॉकचा घेर दिसे. घेराला कापड किती लागले असेल हेही त्या बसल्या जागी सांगत. पण केस आणि फ्रॉक यांच्या मध्ये जे असते ते दिसत नसे. नातीचे तोंड त्यांनी अजून पाहिलेले नव्हते, आणि डाग दर महिन्याला वाढत होता.

"घाई आहेच," पट्टीसाहेब दुकानदाराला म्हणाले, "पण घाईत चुकीची वस्तू घेण्याइतका वेळ आमच्याकडे नाही."

दुकानदार गोल चेहऱ्याचा, सोशिक मनुष्य होता. लोक घर घेतानासुद्धा एवढे मोजत नाहीत, असे तो हसून म्हणाला. त्यावर, म्हणूनच त्यांच्या घरात कपाटे मावत नाहीत, असे त्याला ऐकावे लागले. शेवटी तडजोड अशी ठरली की तीन यंत्रे पारखायला घरी न्यायची, तिन्ही एकाच भिंतीवर, एकाच तिपाईवरून, एकाच चित्रावर तपासायची, आणि दोन परत करायची. पट्टीसाहेबांनी दुकानातच तिन्ही यंत्रांवर कागदाचे तुकडे चिकटवून अ, ब आणि क अशी अक्षरे घातली.

बैठकीची खोली त्यांनी आधीच तयार ठेवली होती. समोरच्या भिंतीवरचे घड्याळ काढले होते, खिळ्याचे भोक बुजवून घासून रंगवले होते, आणि भिंत इतकी कोरी झाली होती की तिच्याकडे पाहिले की डोळ्यांना टेकायला जागा मिळत नसे. खिडक्यांना बाईंनी बोटांच्या अंदाजाने शिवलेले जाड पडदे होते. भिंतीसमोर तिपाई, तिपाईच्या मागे दोन लाकडी हातांच्या खुर्च्या, एक त्यांची आणि एक बाईंची, दोहोंच्या मध्ये ऐसपैस मोकळी जागा. एवढेच सामान.

"किती भरलं?" बाईंनी विचारले.

"तू सांग."

बाईंनी मान किंचित वळवली, कडेच्या नजरेने भिंत आणि तिपाई पाहिली आणि साडेदहा फुटांवर एखादा इंच असेल, असे सांगितले. हा त्या दोघांचा जुना खेळ होता. बाई कापड डोळ्यांनी मोजत आणि पट्टीसाहेब टेपने पडताळत. चाळीस वर्षांच्या संसारात बाईंचे माप अर्ध्या इंचाहून अधिक चुकले ते चार वेळा, आणि ते चारही प्रसंग पट्टीसाहेब तारखेनिशी सांगू शकत.

सोमवारी दुपारी तीन वाजता पडदे ओढून त्यांनी अ सुरू केला. यंत्राने आधी भिंतीवर पांढऱ्या रेघांची चौकटी जाळी टाकली. स्वतःचे अंतर आणि कोन तपासण्याची ती त्याची रीत, असे पुस्तिकेत लिहिले होते. जाळी क्षणभर स्थिर राहिली, थरथरली आणि भिंतीच्या डाव्या वरच्या कोपऱ्याकडे आक्रसत गेली. तिच्याखाली अक्षरे उमटली : 'अडथळा आढळला. चित्राचा आकार बदलत आहे.'

भिंतीवर काहीही नव्हते.

नव्या यंत्रांत ही सोय असते, असे दुकानदाराने कौतुकाने सांगितले होते. भिंतीवर तसबीर असली, पुढ्यात कपाट आले, तर यंत्र स्वतःच ओळखते आणि चित्र तेवढे चुकवून पाडते. इथे ते कोऱ्या भिंतीला चुकवत होते. पट्टीसाहेबांनी ते बंद करून पुन्हा लावले. पुन्हा तेच. भिंग पुसले, भिंत पुसली, तिपाई बोटभर सरकवली. चित्र दर वेळी मधली जागा सोडून कोपऱ्यात जाऊन बसले. भरल्या खोलीत उशिरा आलेला माणूस बसतो तसे. त्यांनी वहीत लिहिले : 'अ – सदोष.' आणि ब लावला.

ब वेगळ्या कारखान्याचा होता, आकाराने लहान, आवाजाला मोठा. त्याने जाळी टाकली, विचार केल्यासारखा थांबला आणि चित्र उजवीकडे नेऊन ठेवले. तो मधल्या त्याच जागेला दुसऱ्या बाजूने वळसा घालत होता.

दोन सदोष यंत्रे एका दिवशी मिळणे शक्य होते. दोन्ही यंत्रांत एकच दोष असणे अवघड होते. पट्टीसाहेबांनी दुकानदाराला फोन केला. त्याने भिंतीला ओल असेल, रंग चकाकत असेल, प्रकाश परतत असेल अशी तीन कारणे एका दमात सांगितली. त्यांनी तिन्ही कारणे निमूटपणे तपासली. भिंत कोरडी होती आणि रंग फिका होता. अखेर भिंतीच्या एक फूट पुढे त्यांनी दोरीवर पांढरी चादर ताणून बांधली, तरी यंत्राने चादरीवरची तीच मधली जागा सोडली.

त्या संध्याकाळी त्यांना बसवेना. ते पंखा लावत आणि बंद करत. पाणी घ्यायला उठत आणि रिकाम्या पेल्यासकट परत येत. काय झाले, असे बाईंनी विचारले तेव्हा यंत्रे वाईट निघाली एवढेच त्यांनी सांगितले. बाईंची मान थोडी वळलेली होती. काही पाहायचे असले की वळते तशी.

क सर्वांत महाग होता, आणि त्याची एक गोष्ट पट्टीसाहेबांना मनापासून आवडली : तो आकडे सांगे. तपशिलाचे पान उघडले की भिंतीचे अंतर फूट-इंचांत दिसे. मंगळवारी दुपारी त्याने जाळी टाकली, मधली जागा चुकवून चित्र वर नेले आणि तपशिलात दोन ओळी दाखवल्या. भिंत : दहा फूट सात इंच. अडथळा : नऊ फूट दोन इंच.

पहिला आकडा टेपशी तंतोतंत जुळला. म्हणूनच दुसऱ्याने ते अस्वस्थ झाले. जे होते ते भिंतीवर नव्हते. ते भिंतीच्या सतरा इंच अलीकडे होते.

चौतीस वर्षे सरकारी मापे हाताळलेल्या माणसाने जे करावे तेच त्यांनी केले. टेप लावून ती जागा फरशीवर खडूने आखली आणि स्वतः तिथे जाऊन उभे राहिले. काही लागले नाही. मात्र कमरेच्या उंचीवर हवेत किंचित ऊब होती. नुकतेच कोणी उठून गेलेल्या आसनावर हात ठेवला की लागते, तेवढीच. त्यांनी हात मागे घेतला आणि मग, कोणी पाहत नसतानाही, तो धूळ झटकल्यासारखा विजारीला पुसला.

मग त्यांनी तिन्ही यंत्रे आळीपाळीने लावली आणि प्रत्येकाने सोडलेल्या जागेची कड भिंतीवर पेन्सिलीने टिंबांनी नोंदवली. अ ने डावी कड दिली, ब ने उजवी, क ने वरची. टिंबे जोडल्यावर एक आकृती झाली. वर अरुंद आणि गोलसर, त्याखाली दोन्हीकडे उतरत गेलेली, खाली रुंद.

ही रेघ त्यांनी आधी पाहिली होती, आणि कुठे पाहिली होती हे आठवायला त्यांना फारसा वेळ लागला नाही.

डॉक्टरांनी बाईंना चौकटीचे कागद दिले होते. तळहाताएवढा कागद, त्यावर बारीक चौकटींची जाळी, मधोमध ठिपका. दर सोमवारी कागद वाचण्याच्या अंतरावर धरायचा, ठिपक्याकडे पाहायचे आणि जिथे रेघा वाकतात किंवा नाहीशा होतात तेवढा भाग पेन्सिलीने भरायचा. डागाची वाढ मोजण्याचा हा साधा मार्ग होता. कागद तारीखवार लावून ठेवण्याचे काम अर्थातच पट्टीसाहेबांचे. त्यांनी कालचा कागद काढला, भिंतीवरच्या आकृतीच्या चौकटी मोजल्या, कागदावरच्या मोजल्या. उंची-रुंदीचे प्रमाण एकच निघाले. डाव्या उतारावर एक लहानसा खळगा होता, मान किंचित कलती ठेवल्यावर पडतो तसा. तोही दोन्हीकडे होता.

पहिल्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी काय दिसते असे विचारले होते, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "डाग नाही वाटत हो. कोणीतरी पुढ्यात येऊन बसल्यासारखं वाटतं. पाठमोरं." पट्टीसाहेबांनी त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त केले होते. डाग म्हण, तुझ्या वर्णनाने निदान बिघडेल, असे ते म्हणाले होते. तेव्हापासून बाई डागच म्हणत.

त्यांनी भिंतीवरची टिंबे खोडरबराने पुसून टाकली.

पुढच्या सोमवारचा कागद बाईंनी भरून दिला तेव्हा पट्टीसाहेबांनी चौकटी दोनदा मोजल्या. मागच्या आठवड्यात एकूण शहाण्णव चौकटी काळ्या होत्या. या वेळी एक्क्याऐंशी.

डॉक्टरांना त्यांनी दोन्ही कागद दाखवले. डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ डोळा पाहिला, मागची चित्रे काढून पाहिली आणि, हे अपेक्षित नाही पण आनंदाचे आहे, असे जपून सांगितले. कारण काय, असे पट्टीसाहेबांनी तीन निरनिराळ्या शब्दांत विचारले. तिसऱ्या वेळी डॉक्टर जरा चिडले. "अहो, सुधारतंय ना? मग कारणाशी का भांडताय?"

पण कारणाशी भांडणे हा त्यांचा जन्माचा धर्म होता. आठवडाभरात बदलले होते काय? औषध तेच, आहार तोच. बदललेली एकच गोष्ट तिपाईवर होती. क च्या तपशिलात अडथळा टाळण्याची सोय बंद करता येत असे. त्यांनी ती आठ दिवस बंद ठेवली. चित्र भिंतभर पडले, मधल्या जागेवरूनही बिनदिक्कत गेले. सोमवारी कागदावर चौऱ्याण्णव चौकटी भरल्या. पुढचे आठ दिवस सोय चालू ठेवली. चित्र पुन्हा कोपऱ्यात गेले. चौकटी बहात्तर. पुन्हा बंद : नव्वद. पुन्हा चालू : साठ.

तीनदा तपासून एकच उत्तर आले की माप खरे धरावे, असा खात्याचा नियम होता. त्यांनी चौथ्यांदा तपासले नाही. चित्राने जागा सोडली की ते पाठमोरे कोणी खोलीत राही. जागा सोडली नाही की ते बाईंच्या डोळ्यात परत जाई. हे वाक्य त्यांनी वहीत लिहिले नाही. पण मनात ते व्याकरणशुद्ध, पूर्ण आणि न मोडता येण्याजोगे तयार होते.

अ आणि ब परत करायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारले, "अडथळ्याचं काय झालं साहेब? बिघाड असेल तर हाही बदलून देतो."

"बिघाड नाही."

"मग होतं काय मध्ये?"

पट्टीसाहेबांनी पावतीची घडी घातली, ती उलगडून पुन्हा नीट घातली. "आहे एक वस्तू," ते म्हणाले. "हलवता येण्यासारखी नाही."

त्यानंतर ती सोय बंद झाली नाही. दुपारी तीन वाजता पडदे ओढले जात, दोघे आपापल्या खुर्चीत बसत आणि भिंतीच्या कोपऱ्यात नात हलू-बोलू लागे. ज्या दिवशी चौकटी चाळीसवर आल्या त्याच दिवशी ते घडले. नात जिन्याच्या पायरीवर बसून बूट उलटा घालण्याचा प्रयत्न करत होती. बाईंनी मान वळवली नाही. त्यांनी सरळ समोर पाहिले.

"हिच्या वरच्या ओठाला तीळ आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला सांगितलं नाहीत."

पट्टीसाहेबांना तो तीळ दिसला नव्हता. त्यांनी यंत्र थांबवले, भिंतीजवळ जाऊन पाहिले. होता, मोहरीएवढासुद्धा नव्हता. ते तिथेच पाठ करून थोडा वेळ उभे राहिले, कारण त्यांना चेहरा सावरायचा होता. मागे बाई नातीच्या तोंडाची एकेक गोष्ट मोठ्याने सांगत होत्या, हिशेब लागल्यासारखी : भुवया आजोबांच्या, हनुवटी हिच्या आईची, नाक कोणाचे ते कळत नाही. आणि पट्टीसाहेबांना एकाएकी जाणवले की मागे सरकत ते भिंतीपासून चार फुटांवर आले आहेत, आणि ऊब आता त्यांच्या उजव्या कोपराला लागते आहे.

ते खुर्चीकडे परत आले. तपशिलाचे पान त्यांनी बरेच दिवस उघडले नव्हते. आता उघडले.

भिंत : दहा फूट सात इंच. अडथळा : सहा फूट एक इंच.

दुसऱ्या दिवशी पाच फूट चार.

जसजसे ते भिंगाच्या जवळ येई तसतसे त्याला चुकवायला चित्र लहान करावे लागे. भिंतभर पाहण्यासाठी आणलेले चित्र खिडकीएवढे झाले, मग ताटाएवढे, मग पाटीएवढे. बाईंची तक्रार नव्हती. त्यांना आता मोठे चित्र लागत नव्हते. त्या सुईत दोरा ओवू लागल्या होत्या. दीड वर्ष बंद असलेले शिवणयंत्र त्यांनी पुसून तेलपाणी करून उघडले, आणि नातीसाठी फ्रॉक बेतायला घेतला. पट्टीसाहेब शेजारच्या खोलीत तो सुईचा टकटकाट ऐकत आणि येरझारा घालत. त्यांना थांबवता आले असते. एक कळ दाबली की झाले असते. यंत्राचा दूरनियंत्रक त्यांच्या खिशात टेपाशेजारीच असे, आणि चालताना दोहोंचा एकमेकांवर आपटून आवाज होई.

तीन फूट.

एक फूट दहा.

शुक्रवारी यंत्राने प्रकाश मंद केला. 'भिंगासमोर व्यक्ती आहे. डोळ्यांच्या सुरक्षिततेसाठी प्रकाश कमी केला आहे.' भिंगासमोर कोणी नव्हते. बाई फ्रॉकच्या कडेला टीप घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

शनिवारी चित्र भिंतभर पडले.

लख्ख, सरळ, चारही कोपरे जागच्या जागी. खाली कसलीही अक्षरे नव्हती. तपशिलात एकच ओळ होती : भिंत, दहा फूट सात इंच. सोमवारचा कागद बाईंनी कोरा परत दिला. डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि आपल्याच जुन्या नोंदींकडे संशयाने पाहिले.

पट्टीसाहेब त्या दिवशी पोटभर जेवले. दुपारी ते खुर्चीत रेलून बसले. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. गेले ते, असे त्यांनी मनाशी म्हटले. आणि हे वाक्य पारखून घेण्याची सवय असल्यामुळे त्यांनी ते पारखले.

यंत्राला फक्त पुढचे दिसत होते.

यंत्र तिपाईवर होते. तिपाई खुर्च्यांच्या पुढे होती.

बाई दुकानातून बटणे आणायला गेल्या तेव्हा त्यांनी पडदे ओढले, तिपाई उलटी फिरवली आणि भिंगाचे तोंड खुर्च्यांकडे करून कळ दाबली. पांढरी जाळी दोन्ही रिकाम्या खुर्च्यांवर पडली. हातांवर, पाठींवर, मागच्या भिंतीवर. थरथरली. मग अक्षरे उमटली, मागच्या दाराच्या फळीवर वाकडीतिकडी.

'अडथळे आढळले : तीन.'

त्यांनी खुर्च्या मोजल्या. नंतर पुन्हा मोजल्या. जाळीने तीन जागा सोडल्या होत्या. डावीकडे त्यांची खुर्ची, उजवीकडे बाईंची, आणि दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत वर अरुंद, खाली रुंद, डाव्या उतारावर खळगा असलेली तिसरी.

जिन्यावर बाईंची पावले वाजली. न अडखळता, कठडा न धरता, भरभर चढणारी. पट्टीसाहेबांनी तिपाई सरळ केली. मग झोपायच्या खोलीतली बिनहाताची खुर्ची उचलून आणली आणि त्या दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत ठेवली.

"कोणी यायचंय का?" बाईंनी दारातूनच विचारले.

"आलं कोणी, तर असावी."

बाईंनी खुर्चीकडे पाहिले. सरळ पाहिले. मग बटणांची पुडी सोडून त्या कामाला लागल्या.

तिसऱ्या खुर्चीच्या डाव्या पायापासून स्वतःच्या खुर्चीच्या उजव्या पायापर्यंतचे अंतर पट्टीसाहेब रोज दुपारी तीनच्या आधी मोजत आणि वहीत मांडत. खुर्ची ते मागे ढकलत नसत. तेवढी एक गोष्ट त्यांनी ठरवली होती. जागा देण्याचे कबूल केल्यावर ती मोजून द्यायची नसते. पहिल्या दिवशी तीस इंच होते. मग साडेएकोणतीस. मग अठ्ठावीस.

फ्रॉक पुरा झाला, पार्सल गेले, आणि एका दुपारी मुलीने तो घातलेल्या नातीचे चित्रण पाठवले. तिघे... दोघे पाहायला बसले. नात गिरकी घेई, घेर फुले, ती हसे, आणि ओठावरचा तीळ भिंतीवर सुपारीएवढा दिसे. बाईंनी हात लांब करून तिसऱ्या खुर्चीवर ठेवलेली वही सहज उचलली आणि चाळली. दीड वर्षात त्यांनी अक्षर वाचले नव्हते. आता मंद प्रकाशातही त्या आकडे वाचत होत्या.

"हे काय लिहिता रोज? चोवीस, साडेबावीस, एकवीस?"

"खोलीची मापं," पट्टीसाहेब म्हणाले. "काही नाही."

बाईंनी वही मिटली. मधल्या खुर्चीकडे पाहिले, पतीच्या खुर्चीकडे पाहिले. कापड बेतताना पाहत तसे, एक डोळा बारीक करून.

"आजचं चुकलंय तुमचं," त्या म्हणाल्या. "एकवीस कुठलं? एकोणीस. फार तर वर पाव."

चाळीस वर्षांत त्यांना कोणी माप दुरुस्त करून दिले नव्हते. त्यांनी खाली वाकून टेप लावला. मग पुन्हा लावला. एकोणीस आणि पाव.

तीन वाजायच्या आधी एकवीस होते. ते स्वतः मोजून बसले होते, आणि तेव्हापासून दोघांपैकी कोणीही उठले नव्हते.

त्यांनी वही उघडली, एकवीसवर रेघ मारली आणि पेन्सिल कागदाला टेकवली. समोर नात पुन्हा गिरकी घेत होती, आणि बाई तिच्याकडे नव्हे, मधल्या खुर्चीकडे पाहत होत्या.

"थांबा," बाई हलकेच म्हणाल्या. "इतक्यात लिहू नका."